शेजारचा बाजार दूर का राहिला?

बांगलादेशातल्या खुलना परिसरातल्या ताग गिरण्यांपासून भारताचा पेट्रापोल नाका रस्त्यानं काही तासांवर आहे. पण 27 जून 2025 पासून तागाचं सूत, तागाचं कापड आणि असा बराच माल या नाक्यातून भारतात येऊ शकत नाही. ईशान्येकडच्या किंवा पश्चिम बंगालमधल्या दुसऱ्या कुठल्या नाक्यातूनही नाही. भारतानं त्यासाठी एकच दार उघडं ठेवलं, ते म्हणजे मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर. खरेदीदार कोलकात्याचा असला, तर मालानं बंगालच्या उपसागरातून निघायचं, श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात यायचं, न्हावा शेव्याला उतरायचं आणि मग रेल्वेनं किंवा ट्रकनं अख्खा देश ओलांडून पुन्हा बंगालमध्ये पोचायचं.

त्याआधी 17 मे रोजी असाच आदेश तयार कपड्यांसाठी निघाला होता. बांगलादेशात शिवलेले कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतून येऊ शकतील, असा. त्याच्या महिनाभर आधी बांगलादेशनं भारतीय सूत जमिनीवरच्या नाक्यांतून आणायला बंदी घातली होती. आणि त्याच्याही काही दिवस आधी, 8 एप्रिलला, बांगलादेशचा निर्यातमाल भारतीय विमानतळ आणि बंदरांमार्गे तिसऱ्या देशांत पाठवण्याची सवलत भारतानं काढून घेतली होती. प्रत्येक निर्णयाला त्या त्या राजधानीत कारणं होती. बांगलादेशात ऑगस्ट 2024 मध्ये झालेल्या सत्तांतरानंतर दिल्ली आणि ढाका यांचे संबंध बिघडलेले होते आणि त्याची किंमत सूतगिरण्यांनी, शिलाईच्या कारखान्यांनी आणि ट्रकमालकांनी मोजली.

हे दोन्ही देश एका मुक्त व्यापार करारावर सही केलेले देश आहेत. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार, म्हणजे ‘साफ्टा’, 1 जानेवारी 2006 पासून लागू आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान आणि मालदीव हे त्याचे मूळ सभासद. अफगाणिस्तान नंतर आला. जगातली सुमारे पाव लोकसंख्या या देशांत राहते. तरीही त्यांच्या एकूण परदेशी व्यापारातला आपसातला वाटा वर्षानुवर्षं पाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आहे. आग्नेय आशियातल्या ‘आसियान’ देशांत हाच वाटा पाचव्या ते चौथ्या हिश्शाच्या दरम्यान असतो. युरोपीय संघात साठ टक्क्यांच्या घरात. जागतिक बँकेनं 2018 मध्ये हिशेब मांडला तेव्हा दक्षिण आशियाचा आपसातला मालव्यापार 23 अब्ज डॉलर होता आणि तो 67 अब्जांपर्यंत जाऊ शकेल असा अंदाज होता. भारतीय कंपनीला पाकिस्तानशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझीलशी करणं सुमारे वीस टक्क्यांनी स्वस्त पडतं, हेही त्याच अहवालात नोंदलं होतं.

याचं कारण सहसा भारत-पाकिस्तान वैरात शोधलं जातं. ते कारण खरं आहे, पण अपुरं आहे. वैर नसलेल्या शेजाऱ्यांमध्येही व्यापार अडखळलेला आहे. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश यांच्याशी झालेल्या व्यवहारांचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट वारंवार समोर येते. इथे करार होतात, सवलती मिळतात, व्यापार वाढूही लागतो. पण ती सवलत पुढच्या वर्षी असेल की नाही, याचा भरवसा कुणालाच नसतो. नळाची तोटी ज्याच्या हातात, तो कधीही ती बंद करू शकतो, आणि करतो. कारखाना काढणाऱ्याला, बाग लावणाऱ्याला किमान दहा-पंधरा वर्षांचा विचार करावा लागतो. तो अशा बाजाराच्या जिवावर पैसे गुंतवत नाही.

हा प्रदेश कायम असा नव्हता. 1947 पूर्वी कराचीपासून चितगावपर्यंत एकच बाजार होता. फाळणीनंतरही तो लगेच तुटला नाही. 1948-49 मध्ये पाकिस्तानच्या निम्म्याहून अधिक निर्यातीचं गिऱ्हाईक भारत होता आणि त्याच्या आयातीतला सुमारे तिसरा हिस्सा भारतातून जात होता. ताग पिकायचा पूर्व बंगालमध्ये आणि गिरण्या होत्या हुगळीच्या काठी. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडापाठोपाठ भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं. पाकिस्ताननं केलं नाही. पाकिस्तानी रुपयाचा नवा दर मानायला भारत तयार होईना आणि व्यापार ठप्प झाला. कोलकात्याच्या गिरण्यांना कच्चा माल मिळेना, पूर्व बंगालच्या शेतकऱ्याला भाव मिळेना. मग पाकिस्ताननं नारायणगंजला स्वतःच्या गिरण्या उभारल्या आणि भारतानं बंगाल, आसाम, बिहारमध्ये भातशेती मोडून तागाखालचं क्षेत्र वाढवलं. एकमेकांना पूरक असलेले दोन भाग काही वर्षांत एकमेकांचे स्पर्धक झाले. नद्यांतली जलवाहतूक आणि काही रेल्वेगाड्या तरी 1965 च्या युद्धापर्यंत चालू होत्या. त्यानंतर त्याही थांबल्या. आज बारदानाच्या व्यापारात भारत आणि बांगलादेश ज्या त्वेषानं भांडतात, त्याची सुरुवात त्या अवमूल्यनाच्या वादात आहे. जानेवारी 2017 मध्ये भारतानं बांगलादेश आणि नेपाळच्या तागाच्या मालावर अँटी-डम्पिंग शुल्क लावलं, हा त्या भांडणाचाच पुढचा अंक.

साफ्टा ज्या ‘सार्क’ या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेतून आला, तिची कल्पना बांगलादेशचे राष्ट्राध्यक्ष झिया-उर-रहमान यांची. 1981 मध्ये त्यांची हत्या झाली. संघटना उभी राहिली 8 डिसेंबर 1985 रोजी, ढाक्यात. सनदेतच दोन गोष्टी लिहिल्या गेल्या: निर्णय सर्वानुमते होतील आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला येणार नाहीत. त्यावेळी ही सावधगिरी शहाणपणाची वाटली. लहान देशांना भारताच्या दडपणाची भीती होती, तर सगळे शेजारी एकत्र येऊन आपल्याला घेरतील अशी शंका भारताला होती. पण सर्वानुमताचा अर्थ पुढे असा झाला की कुणीही एकानं मान हलवली नाही की काम थांबायचं. व्यापाराचा पहिला प्राधान्य करार, ‘साप्टा’, व्हायलाच 1993 उजाडलं आणि लागू व्हायला 1995 चा डिसेंबर.

जानेवारी 2004 मध्ये इस्लामाबादच्या शिखर परिषदेत साफ्टावर सह्या झाल्या, तेव्हा वातावरण आशेचं होतं. अटलबिहारी वाजपेयी तिथे गेले होते, परवेझ मुशर्रफ यांच्याशी त्यांची बोलणी झाली होती. 2016 पर्यंत सगळ्या सभासदांनी एकमेकांच्या मालावरचं शुल्क शून्य ते पाच टक्क्यांवर आणायचं, असं वेळापत्रक ठरलं. वेळापत्रक बऱ्याच अंशी पाळलंही गेलं. तरी व्यापारात म्हणावा तसा फरक पडला नाही, कारण करारातच मोठ्या पळवाटा होत्या.

पहिली पळवाट म्हणजे संवेदनशील वस्तूंची यादी. प्रत्येक देशाला काही वस्तू सवलतीबाहेर ठेवायची मुभा मिळाली आणि प्रत्येकानं नेमक्या त्याच वस्तू बाहेर ठेवल्या ज्या शेजारी खरोखर विकू शकत होता. यादीत शेकडो वस्तू. आपसातल्या व्यापारातला सुमारे एक तृतीयांश भाग त्यामुळे कराराबाहेर राहिला. भारतानं नोव्हेंबर 2011 मध्ये मात्र मोठं पाऊल उचललं. अल्पविकसित शेजाऱ्यांसाठीची आपली यादी मद्य आणि तंबाखूच्या 25 वस्तूंपर्यंत खाली आणली, बाकी सगळं शुल्कमुक्त केलं. बांगलादेशचे कपडे त्यानंतर भारतीय दुकानांत दिसू लागले आणि 2021-22 पर्यंत बांगलादेशची भारतातली निर्यात दोन अब्ज डॉलरच्या जवळ गेली. एकतर्फी सवलत देऊन मोठ्या देशाचं नुकसान होत नाही, याचा हा चांगला दाखला आहे. त्याच वर्षी भारतानं बांगलादेशला सुमारे 16 अब्ज डॉलरचा माल विकला होता.

दुसरी पळवाट विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना चांगलीच ठाऊक आहे. मूळ सीमाशुल्क कमी करायचं कबूल केलं, तरी त्यावर पूरक शुल्क, नियामक शुल्क असे थर चढवता येतात आणि साफ्टा त्यांना हात लावत नाही. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातल्या संत्र्याचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 मध्ये किलोमागे 20 रुपयांच्या आसपास असलेली तिथली शुल्काची रक्कम वर्षागणिक चढत 2023 मध्ये 88 रुपयांवर गेली. नागपूरच्या बाजारात किलोला जो भाव मिळतो, त्याच्या कितीतरी पट हे शुल्क होतं. निर्यात कोसळली, देशातल्या बाजारात आवक वाढून भाव पडले आणि त्या वर्षाअखेर राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावं लागलं. बांगलादेशला परकीय चलन वाचवायचं होतं, फळं ही त्यांच्या लेखी चैनीची वस्तू. पण संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. ढाक्यातल्या अर्थसंकल्पाबरोबर बाग बदलता येत नाही.

कांद्याच्या बाबतीत मात्र गुन्हेगार भारत आहे. 29 सप्टेंबर 2019 रोजी भारतानं कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. सीमेवर ट्रक उभे राहिले, ढाक्यात भाव कडाडले. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितलं आहे, असं त्या भर सभेत हसत म्हणाल्या. आगाऊ सूचना दिली असती तर दुसरीकडून सोय करता आली असती, ही त्यांची खरी तक्रार होती. वर्षभरात, सप्टेंबर 2020 मध्ये, पुन्हा बंदी. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क. 8 डिसेंबरला पुन्हा पूर्ण बंदी, ती मे 2024 मध्ये उठली ती किमान निर्यातमूल्याची अट आणि शुल्क मागे ठेवून. शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला.

लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्यांत या प्रत्येक आदेशाचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या लिलावात दिसायचा. बंदी लागली की क्विंटलमागे शेकड्यांनी भाव खाली. पण दूरचा परिणाम त्याहून गंभीर आहे. बांगलादेशनं चीन, तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार असे पर्याय शोधले, स्वतःचं कांदा उत्पादन वाढवायला जोर लावला आणि आपल्या शेतकऱ्याचा हंगाम असताना भारतीय कांदा अडवायला सुरुवात केली. दिल्लीतल्या ग्राहकाला काही आठवडे स्वस्त कांदा मिळावा म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याचं वर्षानुवर्षांचं, हाकेच्या अंतरावरचं गिऱ्हाईक घालवलं गेलं. हा निर्णय घेणाऱ्यांनी शेतकऱ्याचं जे नुकसान केलं, त्याची भरपाई कुठल्याही अनुदानानं झालेली नाही.

श्रीलंकेशी झालेला करार हा या सगळ्यात जास्त शिकवणारा. 28 डिसेंबर 1998 रोजी सही झाली, मार्च 2000 पासून अंमल. भारतानं तीन वर्षांत शुल्क उतरवायचं, श्रीलंकेनं आठ वर्षांत. लहान देशाला जास्त वेळ, ही मांडणी न्याय्य होती. करारापूर्वी श्रीलंकेची भारतातली निर्यात वर्षाला पाच-सहा कोटी डॉलरची होती, 2005 पर्यंत ती पन्नास कोटींच्या पुढे गेली. कोलंबोत आनंद होता. मग आत काय आहे ते पाहिलं गेलं तेव्हा जवळपास निम्मी निर्यात दोनच वस्तूंची निघाली: वनस्पती तूप आणि तांबं.

श्रीलंकेत ना पामची मोठी लागवड ना तांब्याच्या खाणी. भारतात पामतेलावर भरमसाट आयातशुल्क होतं, श्रीलंकेत ते नाममात्र. म्हणून भारतीय उद्योजकांनीच तिथे कारखाने काढले, मलेशिया-इंडोनेशियातून पामतेल आणलं, त्याचं वनस्पती केलं आणि ते शुल्काविना भारतात पाठवलं. करारात 35 टक्के मूल्यवर्धनाची अट होती. कागदावर ती पुरी होत होती. भारतातल्या वनस्पती उत्पादकांनी ओरड केली. सरकारनं वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घातली, आयात मोजक्या सरकारी संस्थांच्या हाती दिली आणि तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले. तांब्याचंही तसंच झालं. पुढे मिरीच्या बाबतीत तोच खेळ: व्हिएतनामची मिरी श्रीलंकेची म्हणून येते अशी कोडगू आणि केरळच्या बागायतदारांची तक्रार, आणि डिसेंबर 2017 मध्ये किलोला 500 रुपयांची किमान आयात किंमत.

भारताची चूक इथे कमी आहे असं म्हणता येईल, कारण शुल्क चुकवण्यासाठी उभारलेला धंदा टिकायला नकोच होता. पण ज्या वस्तू श्रीलंका खरोखर बनवते, त्यांचं काय झालं? कपड्यांवर 80 लाख नगांची मर्यादा आणि त्यातल्या बहुतेकांना भारतीय कापड वापरण्याची सक्ती. चहावर दीड कोटी किलोची मर्यादा. सुरुवातीला हा माल ठरावीक बंदरांतूनच आणायचं बंधन. अस्सल मालाला बंधनं आणि बनावट मालाला फट, अशी ती रचना होती. श्रीलंकेतल्या मध्यमवर्गात आणि व्यावसायिकांत भारताशी होणाऱ्या प्रत्येक नव्या कराराबद्दल जो संशय आहे, तो या अनुभवातून आला आहे. सेवा आणि गुंतवणुकीचा समावेश असलेल्या व्यापक करारासाठी 2016 पासून बोलणी चालू आहेत, मध्ये थांबतात, पुन्हा सुरू होतात.

नेपाळशीही हेच घडलं. 1996 च्या करारानं नेपाळी मालाला मूल्यवर्धनाच्या अटीशिवाय भारतात शुल्कमुक्त प्रवेश दिला. नेपाळची निर्यात झपाट्यानं वाढली आणि 2002 मध्ये करार बदलला: 30 टक्के मूल्यवर्धन हवं, शिवाय वनस्पती, ॲक्रिलिक सूत, तांबं आणि झिंक ऑक्साइड यांवर वार्षिक मर्यादा. पण नेपाळच्या मनातली मोठी जखम व्यापारी अटींची नाही. मार्च 1989 मध्ये व्यापार आणि पारगमनाचे करार संपले, ते वाढवले गेले नाहीत आणि भारतानं दोन सोडून सगळे नाके बंद केले. रॉकेल आणि पेट्रोलसाठी काठमांडूत रांगा लागल्या. 2015 मध्ये, एप्रिलच्या भूकंपातून देश सावरत असताना, नव्या संविधानाविरोधात मधेशी आंदोलन पेटलं आणि सीमेवरून माल जाईनासा झाला. भारतानं नाकेबंदी केल्याचा इन्कार केला. नेपाळी माणसानं तो मानला नाही. त्या हिवाळ्यात तिथे घरोघरी चुलीला लाकडं लागली. मार्च 2016 मध्ये पंतप्रधान के. पी. शर्मा ओली बीजिंगला गेले आणि चीनमधून मालवाहतुकीच्या करारावर सही करून आले. हिमालय ओलांडून माल आणणं महाग आणि अवघड आहे हे काठमांडूला कळत नव्हतं असं नाही. तरी सही झाली, कारण एकाच दारावर अवलंबून राहण्याची भीती खर्चापेक्षा मोठी ठरली.

पाकिस्तानबद्दल थोडक्यात सांगता येतं, कारण आता सांगण्यासारखा व्यापारच उरलेला नाही. भारतानं 1996 मध्ये पाकिस्तानला सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचा दर्जा दिला, पाकिस्ताननं तो कधीच परत दिला नाही. मार्च 2012 मध्ये मात्र त्यांनी आयातयोग्य मालाची छोटी यादी बाजूला ठेवून 1,209 वस्तूंची निषिद्ध यादी आणली, म्हणजे उरलेलं सगळं खुलं केलं. तरी वाघामार्गे रस्त्यानं 137 च वस्तू येऊ दिल्या. पुलवामानंतर फेब्रुवारी 2019 मध्ये भारतानं दर्जा काढला आणि 200 टक्के शुल्क लावलं, त्याच ऑगस्टमध्ये पाकिस्ताननं व्यापार थांबवला, पहलगामनंतर एप्रिल 2025 मध्ये अटारीचा नाका बंद झाला आणि 2 मे रोजी सगळ्या आयातीवर बंदी आली. सिंधमधल्या खैरपूरच्या खारकांपासून सिमेंटपर्यंतचा माल थांबला. माल दुबईमार्गे वळसा घालत राहिला, त्याचा फायदा मधल्यांना झाला. अमृतसरच्या हमालांचा आणि ट्रकवाल्यांचा रोजगार मात्र वळसा घालून परत येत नाही. सार्कची शिखर परिषद 2014 च्या काठमांडू भेटीनंतर भरलेलीच नाही. 2016 ची इस्लामाबादची बैठक उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली ती कायमची.

करार आणि शुल्क बाजूला ठेवलं तरी सीमा स्वतःच एक खर्च आहे. पेट्रापोल-बेनापोल हा या प्रदेशातला सर्वांत गजबजलेला जमिनीवरचा नाका. भारतीय ट्रक पलीकडच्या गोदामापर्यंत जातो, तिथे माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरला जातो. जागतिक बँकेच्या 2021 च्या अभ्यासानुसार या नाक्यातून माल सुटायला 138 तास लागत, त्यातले 28 तास नुसत्या चढ-उताराचे. पूर्व आफ्रिकेत तेवढ्याच वर्दळीच्या नाक्यांवर हेच काम सहा तासांच्या आत होतं. आगरतळ्याचा माल सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून कोलकाता बंदराला न्यायचा तर सुमारे 1,600 किलोमीटर. चितगाव बंदर तिथून 200 किलोमीटरवर. ट्रकांना सरळ पलीकडे जाऊ द्यावं म्हणून बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांचा मोटारवाहन करार 15 जून 2015 ला थिंफूत झाला. भूतानच्या वरिष्ठ सभागृहानं तो पुढच्या वर्षी नाकारला. डोंगरातल्या लहान देशाला परदेशी ट्रकांच्या रांगा आणि धूर नको होता, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती.

आग्नेय आशियाशी तुलना करताना एक गोष्ट विसरली जाते. 1967 मध्ये आसियान स्थापन झाली, त्याच्या वर्षभर आधीपर्यंत इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता. फिलिपिन्स मलेशियाच्या साबा प्रांतावर हक्क सांगत होता. तेही सगळे तांदूळ, रबर, कथील असा सारखाच माल विकत. पंचवीस वर्षं त्यांच्यातही फारसा व्यापार वाढला नाही. बदल घडवला तो जपानी कारखान्यांनी. येन महागल्यावर 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते तिथे आले आणि मोटारीचे भाग वेगवेगळ्या देशांत बनवू लागले: टोयोटाचं डिझेल इंजिन थायलंडमध्ये, पेट्रोल इंजिन इंडोनेशियात, गिअरबॉक्स फिलिपिन्समध्ये, स्टिअरिंग मलेशियात. या भागांवर दर सीमेला शुल्क लागलं तर मोटार परवडणार नाही, म्हणून 1988 मध्ये एकाच ब्रँडच्या सुट्या भागांना सवलत आली आणि 1992 मध्ये मुक्त व्यापार क्षेत्राचा करार. कारखान्यांची गरज आधी आली आणि सरकारांच्या सह्या त्यामागून. एकदा चार देशांत एकाच मोटारीचे भाग बनू लागले की नाका बंद करणं स्वतःच्याच कामगाराला घरी बसवणं होतं.

दक्षिण आशियात अशी साखळी नाही असं म्हणणं चूक ठरेल. कापसाची आहे. भारतातला कापूस आणि सूत, त्यात विदर्भ-मराठवाड्यातलाही कापूस, बांगलादेशात जातो. तिथे कापड आणि कपडे होतात. ते युरोप-अमेरिकेत विकले जातात. भारतीय सुताच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेश अग्रभागी आहे. कुठल्या सरकारनं आखून न देता व्यापाऱ्यांनी स्वतः घडवलेली ही साखळी आहे. 2025 च्या उन्हाळ्यात दोन्ही सरकारांनी घाव घातला तो नेमका तिच्यावर.

जिथे भरवसा टिकला, ती उदाहरणं वेगळी आहेत आणि बहुतेक तारा-नळांची आहेत. भूतानमधल्या चुखा प्रकल्पाची वीज 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतात येते आहे. भारताच्या पैशानं धरण, भूतानची नदी, भारतीय गिऱ्हाईक. पुढे ताला, मांगदेछू असे प्रकल्प झाले आणि वीजविक्री भूतानच्या तिजोरीचा आधार बनली. बेहरामपूर-भेरामारा वाहिनीवरून ऑक्टोबर 2013 पासून भारताची वीज बांगलादेशात जाते. मोतिहारी ते अमलेखगंज ही 69 किलोमीटरची तेलवाहिनी सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झाली, 2015 च्या त्या हिवाळ्यानंतर चारच वर्षांनी. आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी काठमांडूत तीन देशांचा करार झाला: नेपाळनं पावसाळ्याच्या महिन्यांत 40 मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला विकायची. सरकार बदललं, व्हिसा बंद झाले, कपड्यांचे ट्रक अडले, तरी जून 2025 मध्ये ही वीज ठरल्याप्रमाणे वाहू लागली. 40 मेगावॉट म्हणजे फार नाही. पण तीन देशांमधला हा पहिलाच असा व्यवहार, आणि तो सर्वांत वाईट वर्षात टिकला.

इथेही भारताची अट आहे: चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार असलेल्या प्रकल्पाची वीज भारत घेत नाही. नेपाळच्या दृष्टीनं ही मोठी अडचण आहे. भारतानं जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॉट घ्यायची तयारी दाखवली, पण नेपाळी गुंतवणूकदाराला कुठला प्रकल्प पात्र ठरेल हे आधी कळलं पाहिजे.

भारत सरकारचा कल आता सार्क सोडून इतरत्र आहे. बंगालच्या उपसागराभोवतालच्या सात देशांची ‘बिमस्टेक’ 1997 ची. तिच्या मुक्त व्यापाराची चौकट 2004 मध्ये आखली गेली, करार अजून नाही. ‘आरसेप’ या व्यापक आशियाई व्यापार कराराच्या बोलण्यांतून भारत नोव्हेंबर 2019 मध्ये बाहेर पडला. संयुक्त अरब अमिराती, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा दूरच्या देशांशी मात्र करार झाले. दूरच्या देशाशी करार करताना भारत बरोबरीनं घासाघीस करतो आणि मग शब्द पाळतो. तीच शिस्त जवळच्या देशांशी वागताना का दिसू नये, हा प्रश्न दिल्लीला विचारायला हवा, कारण दक्षिण आशियात जवळजवळ प्रत्येक देशाची सीमा भारताला लागून आहे आणि एकमेकांना लागून फार थोड्यांची. भारताचा नाका बंद झाला की नेपाळ आणि बांगलादेशही एकमेकांपासून तुटतात.

पुढची कसोटी जवळ आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 2021 मध्ये ठरवल्याप्रमाणे 24 नोव्हेंबर 2026 ही बांगलादेश आणि नेपाळ यांनी अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची तारीख आहे. ती पुढे ढकलावी अशी मागणी बांगलादेशातले उद्योग करत आले आहेत. यादीतून बाहेर पडणं ही प्रगतीची पावती, पण साफ्टाखाली भारतानं दिलेली शुल्कमुक्त वाट याच दर्जाला बांधलेली आहे. नेपाळला त्याचा स्वतंत्र करार आहे, बांगलादेशला नाही. सर्वंकष आर्थिक भागीदारी करारावर दोन्ही देशांनी 2022 मध्ये बोलणी करायचं ठरवलं होतं, ती पुढे सरकली नाहीत. तो करार झालाच, तर त्यात शुल्काच्या टक्क्यांपेक्षा काही साध्या कलमांना जास्त महत्त्व द्यावं लागेल: निर्यातबंदी घालायची तर किती दिवस आधी कळवायचं, वाटेत असलेल्या मालाचं काय करायचं, वाढीव थरांची शुल्कं मोजायची की नाही, नाका बंद करायचा तर कुणी, किती काळासाठी आणि दाद कुठे मागायची. कांदा, संत्रा, सूत आणि ताग यांच्या व्यापाऱ्यांनी आजवर जे सोसलं, त्या सगळ्याची उत्तरं या चार-पाच कलमांत आहेत, आणि ती लिहायला दोन्ही राजधान्यांपैकी कुणीही अजून बसलेलं नाही.